बर्डीवरचा ब्लूटूथ: दोन हजारांच्या आत काय घ्यावं, काय काउंटरवरच ठेवावं

नागपूरच्या सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये मोबाइलच्या सामानाची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. एकाच काउंटरवर अडीचशेचा बिननावाचा नेकबँड, सहाशेचे ‘फर्स्ट कॉपी’ इअरबड्स आणि अठराशेचा कंपनीचा डबा शेजारीशेजारी टांगलेला असतो. गंमत म्हणजे तिन्ही खोक्यांवरचा मजकूर जवळपास सारखाच: ब्लूटूथ ५.३, ४० तास, एचडी बेस, ईएनसी. खोकं वाचूनच ठरवायचं तर अडीचशेवालाच घ्यायला हवा. खरा फरक माइकमध्ये, बॅटरीच्या सेलमध्ये, चार्जिंगच्या पिनांमध्ये आणि दुकानदार पक्कं बिल फाडतो की नाही यात असतो.

आमचा कौल आधीच सांगून टाकतो. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या आणि दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाने नेकबँड घ्यावा. खोलीत, अभ्यासिकेत किंवा मेट्रोत बसून ऐकणाऱ्याने इअरबड्स घ्यावेत. मिहानमधल्या नोकरीसारखं लॅपटॉपसमोर सहा-आठ तास मीटिंगचं काम असेल तर आणखी थोडे पैसे जमवून कानावर बसणारा हेडफोन घ्यावा. फर्स्ट कॉपी कोणीच घेऊ नये.

खोक्यावरचे आकडे

सगळ्यांत जास्त मिरवला जाणारा आणि सगळ्यांत कमी कामाचा आकडा म्हणजे ब्लूटूथची आवृत्ती. डिसेंबर २०१६ मध्ये ५.० आलं, तेव्हा वाढलेला वेग आणि पल्ला हा ‘लो एनर्जी’ शाखेसाठी होता. स्वस्त हेडसेटांत गाणी अजूनही जुन्या ‘क्लासिक’ शाखेवरूनच येतात, त्यामुळे ५.० आणि ५.३ यांत गाण्याचा आवाज बदलत नाही. फोन ४.२ चा असला तरी ५.३ चा हेडसेट त्याला बिनदिक्कत जोडला जातो. ५.२ पासून एलई ऑडिओ ही नवी सोय आली खरी, पण ती फोनमध्येही हवी आणि हेडसेटमध्येही. या किमतीत असा योग क्वचितच जुळतो.

कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, थोडा जास्त कामाचा. एसबीसी प्रत्येक हेडसेटमध्ये असतोच. आयफोन एसबीसी आणि एएसी या दोनच कोडेकवर चालतो, तेव्हा आयफोनवाल्याने एलडीएसी या वरच्या दर्जाच्या कोडेकचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ‘ब्लूटूथ ऑडिओ कोडेक’मध्ये त्या क्षणी नेमकं काय चालू आहे ते दिसतं. खोक्यावर एएसी छापलंय आणि इथे फक्त एसबीसी दिसतंय, तर खोक्यावरच्या बाकीच्या दाव्यांचंही तेच समजावं. मात्र कानाला पटकन कळणारा फरक कोडेकपेक्षा कानातल्या सिलिकॉन टोपीने पडतो. टोपी सैल असली की बेस गळून जातो आणि गिऱ्हाईक हेडसेटला नावं ठेवतं. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या येतात. तिन्ही घालून बघायच्या, आणि दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी त्यात नवल नाही.

ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा, एमएम सोडून द्या. १३ एमएमचा ड्रायव्हर १० च्या ड्रायव्हरपेक्षा चांगला वाजतोच असं नाही.

तासांचा हिशेब मात्र करून पाहण्यासारखा आहे. इअरबड्सवरचे ४० तास नेहमी चार्जिंगच्या डबीसकट मोजलेले असतात. एका बडमध्ये साधारण ३० ते ५० एमएएचचा सेल मावतो आणि गाणी वाजवताना तो ६ ते ८ मिलिअँपिअर खातो. ४० एमएएचला ७ ने भागलं की पावणेसहा तास येतात, तेही आवाज निम्म्यावर आणि एएनसी (बाहेरचा गोंगाट कानात दाबण्याची सोय) बंद ठेवून. डबी ४०० एमएएचची असेल तर दोन्ही बडचे मिळून ८० धरून कागदावर ती त्यांना पाच वेळा भरेल. प्रत्यक्षात व्होल्टेज वर चढवण्यात आणि डबीच्या स्वतःच्या सर्किटात वीज जाते, त्यामुळे साडेतीन-चार वेळाच भरते. सगळं मिळून २५ ते २८ तास हाती लागतात. नेकबँडमध्ये एकच १५० ते ३०० एमएएचचा सेल असतो आणि त्याचे तास सलग मिळतात. म्हणूनच ‘३० तासांचा’ नेकबँड ‘४० तासांच्या’ इअरबड्सपेक्षा कामाच्या दिवशी जास्त टिकतो.

पाणी आणि धूळ किती अडते ते सांगणाऱ्या आयपी क्रमांकात पहिल्या जागी एक्स आला की धुळीची चाचणी केलेली नाही असा अर्थ घ्यायचा. आयपीएक्स४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार आणि आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आयपी५५ मध्ये पहिला ५ धुळीसाठी असतो. शहरात कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतोच, त्यामुळे हा पहिला आकडा आपल्या कामाचा. इअरबड्समध्ये हा क्रमांक बहुतेकदा फक्त बडसाठी असतो, डबीसाठी नसतो. घामाने ओले बड तसेच डबीत टाकले की पुढचं नुकसान डबीतल्या पिनांचं होतं.

ईएनसी, एएनसी आणि कूलर

काउंटरवर या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल होते. ईएनसी माइकसाठी असतं: तुमच्या भोवतीचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जावा म्हणून. एएनसी तुमच्या कानासाठी असतं. ‘नॉइज कॅन्सलेशन आहे भाऊ’ असं दुकानदाराने सांगितलं की कोणतं ते विचारायचं. हजाराच्या आत उत्तर जवळजवळ नेहमी ईएनसीच निघतं.

नागपुरात एएनसीची खरी परीक्षा एप्रिल ते जूनमध्ये होते, कूलर लावलेल्या खोलीत. एएनसी खालच्या पट्टीतल्या सलग आवाजावर चांगलं चालतं, आणि कूलरच्या पंख्याची घरघर अगदी त्याच जातीची. स्वस्त एएनसीनेही ती बऱ्यापैकी दबते. बाजूच्या खोलीतला टीव्ही, कुकरची शिट्टी किंवा भाजीवाल्याची आरोळी मात्र दबत नाही, कारण वरच्या पट्टीतला आणि तुटक आवाज एएनसीच्या हाती लागत नाही. तो अडवण्याचं काम सिलिकॉन टोपीचं. म्हणून टोपी नसलेल्या, कानात अर्धवट टेकणाऱ्या दांडीच्या बडमध्ये एएनसी असलं तरी पैसे पाण्यात गेले असं समजा.

ईएनसीचं गणित वेगळं आहे. कूलरची घरघर ते बऱ्यापैकी गाळतं, पण कूलरचा झोत सरळ माइकवर आला की त्याचं काही चालत नाही. वारा थेट माइकच्या छिद्रावर आदळतो आणि समोरच्याला वादळात उभं राहून बोलल्यासारखं ऐकू येतं. उपाय बसण्याच्या जागेत आहे: कूलरकडे पाठ करून बसावं, किंवा ज्या बाजूला नेकबँडचा माइक आहे ती बाजू झोतापासून दूर ठेवावी. माइक बहुधा एकाच बाजूच्या बटणपट्टीत असतो. बारीक छिद्र शोधलं की सापडतो. मुलाखत किंवा ऑनलाइन तोंडी परीक्षा असेल तर तेवढा वेळ कूलर बंद ठेवणं सगळ्यांत स्वस्त.

गाणं छान, कॉल डबक्यातून

परत येणाऱ्या मालातली मोठी तक्रार ही असते, आणि बरेचदा त्यात दोष मालाचा नसतो. ब्लूटूथवर गाणी एका प्रोफाइलवरून येतात आणि बोलणं दुसऱ्यावरून. माइक सुरू झाला की हेडसेट ‘हँड्स-फ्री’ प्रोफाइलवर उडी मारतो आणि स्टिरिओ आवाज मोनो होतो. जुन्या सीव्हीएसडी पद्धतीत त्याचा नमुना सेकंदाला ८ हजार वेळा घेतला जातो, एमएसबीसी असेल तर १६ हजार वेळा. गाण्याच्या ४४,१०० पुढे हा आवाज डबक्यातून आल्यासारखाच वाटणार. म्हणून खरेदी करताना गाण्यावर भुलू नये, कॉल लावून बघावा.

लॅपटॉपवर याचा त्रास जास्त होतो. विंडोजमध्ये मीटिंग सुरू झाली की आवाज अचानक फाटका होतो, कारण अॅपने माइकही हेडसेटचाच धरलेला असतो. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट हेडसेट ठेवा आणि इनपुट लॅपटॉपचा स्वतःचा माइक करा. आवाज लगेच भरून येतो. हा बदल मीटिंगच्या अॅपमध्येही वेगळा करावा लागतो. ज्याला लॅपटॉप आणि फोन दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवायचेत त्याने खोक्यावर ‘मल्टिपॉइंट’ किंवा ‘ड्युअल पेअरिंग’ शोधावं. ते नसलं तर हेडसेट लॅपटॉपला चिकटून राहतो आणि फोन खिशात वाजत राहतो.

नेकबँडची बाजू का घेतोय

उन्हात दुचाकी चालवताना तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट. या दोन्हींत इअरबड्सचे टच बटण भलतंच वागतं. कापड घासलं की गाणं बदलतं, हेल्मेटचं अस्तर टेकलं की आलेला कॉल कटतो. हेल्मेट काढताना बड निसटून खाली पडतो आणि तो नेमका गटाराच्या जाळीवरच पडतो असा अनेकांचा अनुभव आहे. नेकबँडला दाबायची बटणं असतात, कानातून निसटला तरी तो गळ्यात राहतो. चालत्या गाडीवर दोन्ही कान बंद करू नयेत. रस्ता ऐकायचा असेल तर एकाच कानात ठेवावा.

दुसरं कारण मे महिन्याचा पारा. लिथियम सेल चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंश असते. नागपुरात दुपारी सावलीतच ४५ च्या पुढे जातं. गाडीच्या डिक्कीत किंवा बंद कारमध्ये त्याहून कितीतरी जास्त. अशा ठिकाणी तापलेल्या डबीत बड ठेवले की डबी त्यांना चार्ज करतच राहते. छोटा सेल, जास्त उष्णता आणि पूर्ण भरलेली स्थिती, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. एरवी ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्क्यांच्या आसपास क्षमता उरते. उन्हात भाजलेल्या सेलकडून तेवढीही अपेक्षा धरू नये. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी किंवा रात्री करावं, डिक्कीत काही ठेवू नये आणि महिनाभर वापरायचा नसेल तर हेडसेट अर्धा भरून ठेवावा.

नेकबँडमध्येही खोट आहे. तो तुटतो तो वायरीच्या मुळाशी, जिथे बारीक वायर गळ्यातल्या पट्टीत शिरते. खिशात गुंडाळून कोंबला की तिथेच पीळ बसतो आणि सात-आठ महिन्यांत एक बाजू अधूनमधून बंद पडू लागते. घेताना या सांध्यावर रबराची लांब बाही आहे का ते बघा. आणि हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बड एकमेकांना चिकटवणारं चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतं. तो जाळीवर बसतो आणि आवाज दबतो. कीस ब्रशने निघत नाही. जाळीवर सेलोटेप हलकेच दाबून उचलावी लागते.

नावानिशी

वनप्लस बुलेट्स वायरलेस झेड२ या वर्गातला जुना आणि भरवशाचा गडी. १२.४ एमएम ड्रायव्हर, ३० तास, आयपी५५, एएसी, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार १० मिनिटांच्या चार्जिंगवर २० तास. बेस जरा जास्तच. एएनसी नाही, आणि त्याची उणीव फक्त कूलरच्या दिवसांत जाणवते. एएनसी हवंच असेल तर रिअलमी बड्स वायरलेस ३ बघावा: १३.६ एमएम, ३० डेसिबलपर्यंत एएनसीचा दावा, एएनसी बंद असताना ४० तास, आयपी५५. दोन्ही ऑफरप्रमाणे १,५०० ते २,००० च्या दरम्यान हिंडत असतात.

बजेट हजार-बाराशेचं असेल तर बोटचा रॉकर्झ २५५ प्रो प्लस. १० एमएम, ४० तासांपर्यंत, आयपीएक्स७. घाम आणि पावसासाठी उत्तम, धुळीच्या बाबतीत एक्स आहे हे विसरू नका. इअरबड्समध्ये त्याच कंपनीचे एअरडोप्स १४१ सगळीकडे दिसतात: ८ एमएम, डबीसकट ४२ तास, आयपीएक्स४, गेमसाठी ८० मिलिसेकंदांचा मोड. अभ्यासिकेत लेक्चर ऐकायला पुरेसे. भर रस्त्यावर, बसथांब्यावर कॉल घ्यायला यांच्याकडून किंवा या किमतीतल्या कोणत्याही बडकडून फार आशा ठेवू नये. माइक तोंडापासून फारच दूर, कानापाशी असतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२०. दोन हजारांच्या बाहेरचा आहे, पण ५० तासांची बॅटरी, मल्टिपॉइंट आणि जेमतेम १४७ ग्रॅम वजन यांमुळे इथे घ्यावाच लागतो. एएनसी नाही. कानावर टेकतो, कानाला पूर्ण झाकत नाही, त्यामुळे मे महिन्यात घाम कमी येतो. चष्मा जाड काडीचा असेल तर दोन तासांनी कानाची पाळी दुखते.

काउंटरवर काय करायचं

सुरुवात खोक्याच्या मागच्या बाजूपासून. एमआरपी, उत्पादन किंवा आयातीचा महिना-वर्ष, आयातदाराचा किंवा उत्पादकाचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर कायद्यानेच छापलेला असावा लागतो. यातला महिना महत्त्वाचा. वर्ष-दीड वर्ष गोदामात पडलेला बड स्वतःहून रिकामा होत होत पार खाली जातो आणि तो सेल पुन्हा पूर्वीसारखा भरत नाही. आठ-नऊ महिन्यांच्या आतला माल मागा. मग बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो टाकला की कोणाच्या नावावर, कोणत्या वस्तूसाठी नोंद आहे ते दिसतं. फर्स्ट कॉपीवर हा क्रमांक एक तर नसतो, नाहीतर भलत्याच वस्तूचा निघतो. डबीचं झाकण उघडताच आयफोनवर तिचं चित्र वर येतं म्हणून माल अस्सल, असं समजू नका. ती नक्कल आता सहाशेच्या चिपमध्येही येते.

दुकानदार डबा उघडू देत नसेल तर डेमो पीस मागावा, तोही नसेल तर पुढच्या दुकानात जावं. ‘चेक करके ले जाओ, बाद में गॅरंटी नहीं’ म्हणणारा निदान तपासू तरी देतो. डबा उघडला की बडच्या पिनांवरची पारदर्शक पट्टी काढा; घरी गेल्यावर ‘एक बड चार्जच होत नाही’ ही तक्रार बरेचदा या पट्टीमुळे असते. जोडून झालं की दुकानाबाहेर या, व्हरायटी चौकाच्या दिशेला तोंड करून कोणालातरी कॉल लावा आणि त्यालाच विचारा: शब्द तुटतायत का, हॉर्न माझ्या आवाजावर चढतोय का. स्वतः ऐकून माइक कळत नाही. मग फोन मागच्या खिशात, माइक असलेल्या बाजूच्या विरुद्ध, ठेवून पंधरा-वीस पावलं चाला. ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्‌झची लहर शरीरातल्या पाण्यात शोषली जाते, त्यामुळे कमजोर अँटेना इथेच अडखळतो. शेवटी माणूस बोलतानाचा एखादा व्हिडिओ लावून ओठ बघा. यूट्यूबसारखी अॅप्स उशीर स्वतः जुळवून घेतात, म्हणून तिथे ठीक दिसलं तरी गेममध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर कळतोच. गेम खेळणाऱ्याने गेमच लावून बघावा.

एक चाचणी कोणी करत नाही, तीच सगळ्यांत उपयोगी: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जिंग सुरू होतं का ते पाहा. स्वस्त मालात टाइप-सी सॉकेट असतं, पण त्यामागे लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. मग नवा सी-टू-सी चार्जर त्या उपकरणाला ओळखतच नाही आणि माणूस समजतो हेडसेट मेला. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने तोच नीट चार्ज होतो. घरात तशी केबल असेल तर हा दोष चालवून घेता येतो, पण किंमत पाडून मागायला हे चांगलं कारण आहे.

‘बिल नको असेल तर शंभर कमी’ हा प्रस्ताव नाकारा. वर्षभराची वॉरंटी बिलावरच्या तारखेपासून मोजतात आणि बिलावर मॉडेल आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर शहरात आहे की कुरिअरने पाठवायचं हे बिल करण्याआधीच कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बघावं. वॉरंटीत पाणी गेलेलं आणि तुटलेलं धरत नाहीत, आयपीएक्स७ छापलेलं असलं तरी. दुकानदार आणि कंपनी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. बिलाचा फोटो हाताशी ठेवून लावावा.

बंद पडलं तर

एका बाजूचा आवाज कमी झाला की दहापैकी बऱ्याच वेळा कारण मळ असतं. जाळी खाली करून, कोरड्या मऊ ब्रशने घासायचं. टाचणी खुपसली की जाळी आत जाते. एक बड चार्ज होत नसेल तर डबीतल्या पितळी पिना दाबून बघा, उसळून वर येतायत का. घामाच्या मिठाने त्या अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जेमतेम ओली करून पिना आणि बडवरचे ठिपके पुसायचे, दहा मिनिटं झाकण उघडं ठेवायचं.

दोन बड एकमेकांना सोडून वेगवेगळे जोडले जाऊ लागले तर आधी फोनच्या यादीतून दोन्ही नावं ‘फर्गेट’ करायची. ही पायरी गाळली की पुढचं सगळं वाया. मग दोन्ही बड डबीत ठेवून रीसेट करायचं. बहुतेकांत डबीचं बटण किंवा दोन्ही बडचा टच दहा सेकंद दाबून धरावा लागतो, नेमकी पद्धत कागदात असते. अँड्रॉइडवर आवाज पूर्ण वाढवूनही बारीकच येत असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डिसेबल अॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू करून पुन्हा जोडा. आवाज आधी कमी करून मगच कानात घाला, नाहीतर पडदा हादरेल.

सोबतचं फुटकळ

वायरलेस चार्जिंग पॅड उन्हाळ्यात आम्ही सुचवणार नाही. केबलपेक्षा जास्त वीज उष्णतेत जाते आणि फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. घ्यायचाच तर हे लक्षात ठेवा: १० वॉटचा पॅड साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर १० वॉट देत नाही, त्याला ९ व्होल्ट देणारा फास्ट चार्जर लागतो. कव्हर ३ मिलिमीटरहून जाड नको, मागे लोखंडी पट्टी किंवा रिंग नको. आणि कव्हरच्या मागे मेट्रोचं महाकार्ड किंवा बँकेचं कार्ड खोचलेलं असेल तर आधी काढा. त्यातली चिप खराब होऊ शकते.

जुन्या कारमध्ये ऑक्स सॉकेट असेल तर २००-४०० रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर एफएम ट्रान्समीटरपेक्षा केव्हाही बरा. रिसीव्हर कारच्याच चार्जरवर लावला की इंजिनासोबत वाढणारी कुईकुई ऐकू येते. हा ग्राउंड लूपचा दोष. मध्ये ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी लावली की जातो. बर्डीवर मागितलं तर अनेकदा ‘नॉइज फिल्टर’ म्हटल्यावर कळतं.

सेल्फी स्टिकचं ब्लूटूथ बटण फोनला कीबोर्ड म्हणून जोडलं जातं आणि आवाज वाढवायच्या कळीचा इशारा पाठवतं. म्हणून काही फोनांवर ते जोडलेलं असताना टायपिंगचा कीबोर्ड वर येतच नाही. लोक फोन दुरुस्तीला नेतात. ब्लूटूथ बंद केलं की काम होतं.

रील करणाऱ्यांत के-८ आणि के-९ या नावाने विकले जाणारे कॉलर माइक खूप चालतात: पहिल्यात एक माइक, दुसऱ्यात दोन. हे ब्लूटूथवर चालत नाहीत, २.४ गिगाहर्ट्‌झवर स्वतःच्या रिसीव्हरशी बोलतात, त्यामुळे आवाज मागे पडत नाही. रिसीव्हर टाइप-सीचा की लाइटनिंगचा ते आधी बघा, फोनच्या कव्हरमुळे तो पूर्ण आत बसतो का तेही. ओप्पो, विवो, रिअलमीच्या अनेक फोनांत ओटीजी (बाहेरचं उपकरण फोनला जोडण्याचं) सेटिंग हाताने चालू करावं लागतं आणि वापर नसला तर दहा मिनिटांनी ते आपोआप बंद होतं. शूटिंगच्या मध्ये माइक ‘मेला’ तर आधी तिथे बघावं. फुटाळा तलावावर वारा असतो, तेव्हा माइकवर फोमची टोपी लावलेली हवी. खोक्यात नसली तर ती वेगळी मिळते.

वायरलेस माउस घेताना ब्लूटूथ आणि डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) यांत डोंगलवाला स्वस्त आणि जोडायला सोपा. तो अडखळत असेल तर माउस बदलण्याआधी डोंगल निळ्या यूएसबी ३.० पोर्टमधून काढून काळ्या २.० पोर्टमध्ये लावा. ३.० वरून पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कची कॉपी चालू असताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट सुटतो, आणि त्याच वेळी शेजारी लावलेला डोंगल बहिरा होतो. काळा पोर्ट नसेल तर हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल दूर न्यावा.